‘कॉम्प्युटर गेला’ असे मेकॅनिक म्हणाला तर…



मागील लेखात आपण बॅटरीची निगा पाहिली. या वेळी त्याच्या पुढची पायरी घेऊ. विषय थोडा किचकट आहे, पण पैशाचा आहे. म्हणून सावकाश वाचावा आणि घरात ज्याच्या हाती गाडीची किल्ली असते त्यालाही वाचून दाखवावा.

आपल्या वस्त्यांमध्ये आता जुन्या मोटारी बऱ्याच दिसतात. कुणी टॅक्सी चालवतो, कुणी जेवणाचे डबे पोचवतो, कुणी भाजी आणतो. कुणी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेता यावे म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या हातची लहान गाडी घेतलेली असते. अशी गाडी एके दिवशी सुरू होत नाही. मेकॅनिक येतो, बोनेट उघडतो, सेल्फ मारून बघतो आणि म्हणतो, “ईसीएम गेला. कॉम्प्युटर बदलावा लागेल.” खर्च विचारला तर आकडा असा सांगतो की घरातली बाई हातातले काम खाली ठेवते. मुलांच्या फीचे पैसे बाजूला काढलेले असतात, नाहीतर भिशी नुकतीच लागलेली असते. ते पैसे त्या डब्यात जातात. आणि कित्येक वेळा नवा डबा बसवूनही गाडी सुरू होत नाही, कारण बिघाड डब्यात नव्हताच.

हे टाळता येते. त्यासाठी आपल्याला मेकॅनिक व्हायची गरज नाही. पण काय विचारायचे एवढे तरी ठाऊक हवे.

हा डबा आला कुठून?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ज्यांनी चालवली त्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. तिच्यात कार्बुरेटर होता. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण तो यांत्रिक रीतीने करी. जेट साफ केला, पॉइंट घासला, की गाडी चालू. त्या जातीची शेवटची टॅक्सी मुंबईत २००३ साली नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली.

परदेशात बदल आधीच सुरू झाला होता. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ साली विजेवर चालणारी इंधन-फवारणीची पद्धत मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगनच्या १६०० या मोटारीत ती प्रथम बसली. कारण होते तिकडचे धुराबाबतचे कडक होत चाललेले कायदे. आपल्याकडेही कारण तेच झाले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींना युरोपच्या धर्तीची धुराची मर्यादा घातली. पुढे २००५ पासून भारत स्टेज दोन, २०१० पासून तीन, २०१७ पासून चार आणि २०२० पासून सहा हे नियम देशभर लागू झाले. इतक्या काटेकोर मापाने पेट्रोल देणे कार्बुरेटरला जमेना. म्हणून इंजेक्टर आले आणि त्यांना हुकूम देणारा कॉम्प्युटर आला. गॅरेजात त्याला कुणी ईसीएम म्हणतो, कुणी ईसीयू. वस्तू एकच.

तो करतो काय?

जेवणाच्या डब्याएवढी किंवा त्याहून लहान अशी ही पत्र्याची पेटी असते. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती डॅशबोर्डखाली, पायाशी असते, तर काही गाड्यांत बोनेटखाली. आत एक छापील पट्टी आणि तिच्यावर बारीक पुर्जे. तिला डोळे-कान म्हणून सेन्सर असतात. इंजिन किती गरम झाले, हवा किती येते, ॲक्सिलरेटर किती दाबला, क्रँक कुठे फिरतो आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला, या बातम्या सेन्सर पाठवतात. त्यावरून हिशेब करून पेटी इंजेक्टरला किती वेळ उघडायचे आणि कॉइलने ठिणगी कधी टाकायची ते ठरवते. हे काम सेकंदाला अनेक वेळा चालते.

आता लक्षात घ्या. बातमीच चुकीची आली तर हिशेब चुकणार. हात बांधलेले असतील तर हुकूम देऊनही काम होणार नाही. आणि पेटीला वीजच मिळाली नाही तर ती गप्प बसणार. या तिन्ही वेळी पेटी चांगली असते, तरी गाडी बंद पडते आणि दोष मात्र पेटीवर येतो.

पेटी स्वतः सहसा लवकर बिघडत नाही. तिच्यात हलणारा, झिजणारा भाग नसतो. बिघाड जास्त करून तिच्या भोवतीच्या वायरी, जोड, फ्यूज, रिले आणि सेन्सर यांत असतो. म्हणून पेटीवर बोट ठेवायचे ते सर्वांत शेवटी.

डबा बदलण्याआधीची तपासणी

पुढील क्रम वहीत उतरवून ठेवावा. यातल्या काही गोष्टी आपण स्वतः पाहू शकतो. बाकीच्यांसाठी मल्टिमीटर हाताळणारा वायरमन लागेल.

पहिली गोष्ट, बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी, तिची टोके आणि सेल्फ पाहावा. वीज कमी पडली की पेटी अर्धवट जागी होते आणि वेड्यासारखी वागते. गाडी सुरू असताना मीटरवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत.

दुसरी गोष्ट, इंजिनाचा पिवळा दिवा. किल्ली फिरवली आणि गाडी अजून सुरू केली नाही, तेव्हा डॅशबोर्डवर तो लागला पाहिजे. गाडी सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल तर पेटीला वीज जात नाही, किंवा बल्ब गेला आहे, किंवा पेटी खरेच मेली आहे. यातले पहिले कारण नेहमी आधी तपासावे.

तिसरी गोष्ट, फ्यूज आणि रिले. पेटीचा वेगळा फ्यूज आणि बहुधा वेगळा रिले असतो. रिलेची किंमत पेटीच्या मानाने चिल्लर. तशाच नंबरचा दुसरा चांगला रिले बसवून पाहायला पाच मिनिटे लागतात.

चौथी गोष्ट, अर्थिंग. पेटीच्या अर्थच्या वायरी इंजिनाला किंवा बॉडीला बोल्टने घट्ट केलेल्या असतात. जुन्या गाडीत तिथे गंज चढतो. किल्ली चालू ठेवून पेटीच्या अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावला तर जवळजवळ शून्य दिसावे. व्होल्टच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा बरेच जास्त दिसले तर बोल्ट काढून, घासून, पुन्हा आवळावा. खर्च काही नाही, फक्त सँडपेपर.

पाचवी गोष्ट, वायरी. उंदीर वायरी कुरतडतात हे वस्तीत राहणाऱ्याला सांगायला नको. बोनेटखाली लेंड्या दिसल्या तर वायरींचा पूर्ण झुपका हाताने चाचपून पाहावा. पेटीचे कनेक्टर काढून आत हिरवट गंज किंवा ओल आहे का तेही पाहावे. पावसाळ्यात पायाखालची चटई ओली राहते, एसीचे पाणी बाहेर जाणारी नळी तुंबते आणि ते पाणी डॅशबोर्डखाली उतरते. तिथेच पेटी असली तर काय होणार ते उघड आहे.

सहावी गोष्ट, सेन्सर. पेटी अनेक सेन्सरना ५ व्होल्टची बारीक वीज पुरवते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ती वीज सगळ्यांचीच बुडते आणि पेटी मेल्यासारखी दिसते. मग एकेक सेन्सरचा कनेक्टर काढत मीटरकडे पाहायचे. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर. तसेच गाडी थंड असताना चालते आणि गरम झाली की बंद पडते, अशी तक्रार असेल तर पेटीच्या आधी क्रँकचा सेन्सर तपासावा. हे त्याचे नेहमीचे दुखणे आहे.

सातवी गोष्ट, किल्ली. बऱ्याच गाड्यांच्या किल्लीत चोरी रोखणारी चिप असते. ती ओळखली गेली नाही तर सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा पकडून लगेच बंद होते. अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहावी.

आठवी गोष्ट, गॅस किट. गाडीला नंतर बसवलेले सीएनजी किट असेल तर त्यातल्या नव्या पद्धतीच्या किटला स्वतःचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. तो बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून जोडलेल्या असतात. ते जोड सैल होतात. किट बाजूला काढून गाडी नुसत्या पेट्रोलवर चालते का, हे पाहिल्याशिवाय मूळ पेटीला हात लावू देऊ नये.

याशिवाय स्कॅनर लावून कोड वाचायला सांगावे. स्कॅनरशी पेटी बोलली तर निदान ती जिवंत आहे. पण कोडचा अर्थ नीट समजून घ्यावा. कोडमध्ये एखाद्या सेन्सरचे नाव आले म्हणजे तोच सेन्सर गेला असे नाही. त्याची वायरही तुटलेली असू शकते. आणि एक ताकीद. पेटीच्या पिनांवर बल्बचा टेस्टर लावू देऊ नये. बल्ब जास्त वीज ओढतो आणि चांगली पेटी त्यानेच जळू शकते.

पेटी खरेच गेली असेल तर

असे होतेच नाही असे नाही. पाणी शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाण्यात बुडालेली पेटी वाळल्यावर चालूही होते, पण आतला गंज पुढे काही महिन्यांनी काम तमाम करतो. दुसऱ्या गाडीवरून बॅटरी लावताना लाल-काळी वायर उलटी लागते. बॅटरी जोडलेली ठेवूनच बॉडीला वेल्डिंग केले जाते. अल्टरनेटरचा रेग्युलेटर जाऊन व्होल्ट वाढतात. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग तपासण्याची’ जुनी सवय काही मिस्त्र्यांना अजून आहे, तीही घातक. फार जुन्या पेट्यांत कपॅसिटर फुटून त्यातले रसायन पट्टी खाते. १९९० च्या आसपासच्या अनेक जपानी मोटारींना हे दुखणे जडले होते.

इथे सर्वांत महत्त्वाचे वाक्य सांगतो. पेटी का गेली हे कळल्याशिवाय नवी पेटी बसवू नये. समजा, इंजेक्टर किंवा कॉइल आतून शॉर्ट झाली आहे. तिने पेटीतला तो हुकूम देणारा ट्रान्झिस्टर जाळला. आता आपण नवी पेटी लावली आणि शॉर्ट कॉइल तशीच ठेवली, तर नवी पेटीही जळणार. पैसे दोनदा गेले. म्हणून आधी कॉइल आणि प्रत्येक इंजेक्टर मीटरने मोजून घ्यावा. बहुतेक पेट्रोल मोटारींत इंजेक्टर साधारण ११ ते १६ ओहम दाखवतो, आणि एकाच गाडीतले सगळे जवळपास सारखे असतात. एक जरी फार वेगळा निघाला तर तो बदलावा. याच कारणाने, “दुसऱ्या गाडीची पेटी लावून बघू” या प्रयोगाला घाई करू नये. शॉर्ट असेल तर दुसऱ्याची पेटीही जाईल. आणि चिपची किल्ली असेल तर चांगली पेटी लावूनही गाडी सुरू होणार नाही. मग निष्कर्ष काय काढणार?

तीन वाटा

पहिली वाट दुरुस्तीची. मोठ्या शहरांत आता पेटी उघडून पट्टीवरचे काम करणारे कारागीर आहेत. सुटलेला सोल्डर, जळालेला ट्रान्झिस्टर, फुटलेला कपॅसिटर ते बदलतात. ही वाट बहुधा स्वस्त पडते. शिवाय पेटीची आठवण तीच राहते, त्यामुळे किल्लीची ओळख पुन्हा करून द्यावी लागत नाही. पट्टी गंजाने खाल्ली असेल तर मात्र दुरुस्ती टिकत नाही.

दुसरी वाट जुन्या मालाची. मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा दिल्लीत मायापुरीला मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. तिथे आपली जुनी पेटी बरोबर न्यावी. तिच्यावरचा भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. बाहेरून दोन पेट्या जुळ्या बहिणी दिसतात, पण एक पेट्रोलची, एक कंपनीच्या सीएनजीची. एक भारत स्टेज तीनची, एक चारची. एक हाताच्या गिअरची, एक ऑटोमॅटिकची. कनेक्टर बसला म्हणजे पेटी जुळली असे नव्हे. कनेक्टरच्या पिना हिरव्या नाहीत ना, डब्याचे स्क्रू आधी कुणी उघडलेले नाहीत ना, हेही पाहावे. चिपच्या किल्लीची गाडी असेल तर जुन्या पेटीतली माहिती या पेटीत उतरवून घ्यावी लागते, किंवा किल्ली पुन्हा ओळखवून द्यावी लागते. ते काम कोण करणार आणि त्याचे किती घेणार, हे पेटीचे पैसे देण्याआधी ठरवावे. “चालली नाही तर परत घेऊ” हे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी शब्दाचा पुरावा राहत नाही.

तिसरी वाट नव्या पेटीची. ही महाग, पण खात्रीची. तीही कंपनीच्या यंत्राने गाडीशी जुळवावी लागते. नुसती बसवून भागत नाही.

बसवताना

काम सोपे आहे, शिस्त हवी. किल्ली काढून घ्यावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवून थोडा वेळ थांबावे. पेटीला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पिनांना बोटे लावू नयेत. कनेक्टर सरळ बसवावा, ठोकू नये. पेटी जिथे होती तिथेच, तिच्या मूळ स्क्रूंनी घट्ट करावी. दोन्ही वायरींवर लोंबकळत ठेवू नये. मग बॅटरी जोडावी. सुरुवातीला गाडीचा आयडलिंगचा वेग वरखाली होईल. पेटी शिकत असते. थोडे चालवल्यावर तो स्थिर होतो. काही गाड्यांत ते स्कॅनरने शिकवावे लागते. शेवटी कोड पुसून, आठ-दहा किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करावे. नवीन कोड आला नाही तरच पूर्ण पैसे द्यावेत.

पावती आणि हक्क

आपली माणसे इथे लाजतात. मेकॅनिक ओळखीचा, पावती कशी मागायची? पण पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. पावतीवर पेटीचा क्रमांक, नवी की जुनी, हमी किती दिवसांची आणि मजुरी किती, हे स्वच्छ लिहून घ्यावे. काढलेली पेटी परत मागावी. ती आपली आहे. तिच्यात दुरुस्त होण्याजोगे काही असू शकते, आणि पुढे वाद झाला तर तोच पुरावा.

जुनी म्हणून लावलेली वस्तू नवीच्या किमतीत बिलात आली, किंवा न गेलेला भाग गेला म्हणून बदलला, तर तो सेवेतला दोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळतो.

करावे की सोडावे?

शेवटचा हिशेब घरात बसून करावा, गॅरेजात उभे राहून नव्हे. गाडीची नोंदणी किती वर्षे उरली? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण कर भरावा लागतो. खालचा पत्रा गंजला आहे का? इंजिन तेल खाते का? टायर किती उरले? पेटीचा खर्च, त्यात हे सगळे मिळवा आणि तशीच चालू गाडी बाजारात कितीला मिळते ते पाहा. गाडीचा सांगाडा चांगला असेल आणि ती रोज कमावून आणत असेल, तर योग्य पेटी बसवणे शहाणपणाचे. सांगाडाच गेला असेल तर नुसत्या मेंदूने ती किती दिवस चालणार? आणि हा निर्णय एकट्या चालकाने घेऊ नये. पैसा घराचा आहे, तर घरातल्या बाईचे मतही त्यात हवे. कोणता खर्च पुढे ढकलता येतो आणि कोणता नाही, हे तिला पक्के ठाऊक असते.

एक शब्द तरुणांसाठी. पेट्या दुरुस्त करणारे हात अजून थोडे आहेत आणि गाड्या मात्र वाढतच आहेत. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो करणाऱ्या मुलाने, आणि मुलीनेही, पाना-स्क्रूड्रायव्हरबरोबर मल्टिमीटर आणि सोल्डरिंग शिकून घ्यावे. गाडीची नाडी मीटरवर पाहता येणारा कारागीर अंदाजाने भाग बदलत नाही. अशा माणसाचा धंदा बसत नाही आणि गिऱ्हाईकही त्याला दुवा देते.

तेव्हा उद्या कुणी म्हणाले, “कॉम्प्युटर गेला,” तर घाबरू नका आणि भांडूही नका. शांतपणे विचारा, “दादा, फ्यूज, रिले, अर्थिंग पाहिले का? सेन्सरला पाच व्होल्ट येतात का? कॉइल आणि इंजेक्टर मोजले का? पेटी गेली, तर कशाने गेली?” चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावणार नाही. तो मीटर काढून दाखवील. आणि जो रागावेल, त्याच्याकडून गाडी ढकलत पुढच्या गॅरेजात नेलेली बरी.